मडक्यातले चौदा दिवस

मी शंभर फ्रँकचं नाणं बोलतोय. वागाडुगू शहरात सगळ्यात जास्त हिंडणाऱ्यांपैकी एक. जन्म फ्रान्सच्या टाकसाळीतला, पण तिथे माझ्या बदल्यात कुणी पाण्याचा घोटसुद्धा देणार नाही. इथे मात्र एका माणसाचं पोट भरतं. लार्ले भागात तालातो नावाच्या बाईच्या छपराखाली मला द्या आणि ताटभर चवळी-भात घ्या, वर तेल, लाल तिखट.

माझं आयुष्य म्हणजे नुसती पायपीट. सकाळी तालातोकडे, दुपारी बाजाराबाहेर मोपेडी सांभाळणाऱ्याच्या खिशात, शुक्रवारी मशिदीच्या दारातल्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या वाडग्यात, संध्याकाळी ज्वारीच्या दारूच्या गुत्त्यावर. कुणी मला दातांत धरायचं, कुणी पदराच्या गाठीत बांधायचं. काहींना तर देताना इतकं जड जायचं की मला आधी अंगठ्याने चार वेळा कुरवाळायचे. मला त्याची सवय झाली होती.

मग तो आजार आला आणि माझे लाड एका आठवड्यात संपले. लोक मला मेलेल्या पालीसारखं दोन बोटांच्या चिमटीत धरू लागले. तालातोने छपराखाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं. "पैसे हातात देऊ नका, यात टाका," ती म्हणायची. तेही चाललं असतं. पण तालातोच्या घरी तिची सासू होती.

सासूचं नाव हादो. उंच, वाळकी, तोंडात चघळायला कायम कोला नावाच्या कडू बीची फोड. तिची करमणूक एकच. दारात बैठं स्टूल टाकून बसायचं आणि समोरच्या कडुनिंबाखाली शिवणयंत्र घेऊन बसलेल्या तोए मास्तरशी दिवसभर भांडायचं. हादो मोसी, तोए सामो. या दोन जमातींचं पूर्वापार थट्टेचं नातं. मोसी सामोला आपला नोकर म्हणणार, सामो मोसीला, आणि जो रागावेल त्याचीच नाचक्की.

"काय गं म्हातारे, आज उठायला उशीर? मालकांचं अंगण कोण झाडणार?" तोए मास्तर ओरडायचा.

"मेल्या सामो, तुझ्या आज्याने आमच्या दारात काढलेली झोप अजून पुरी झालेली नाही, ती आधी मोज," हादो म्हणायची.

हे झालं की दोघांना चहा गोड लागायचा.

एक दिवस हादोने रेडिओवर ऐकलं की बाहेरून येणाऱ्याला चौदा दिवस वेगळं ठेवायचं. तिने विचार केला. घरात बाहेरून कोण येतं? मुलगा आरझुमा ट्रक चालवतो, तो रस्ते बंद झाल्यामुळे बोबो शहरात अडकलेला. पाहुणे येत नाहीत. मग रोज संध्याकाळी कुठकुठल्या हातांतून फिरून घरात शिरतं कोण? आम्ही.

त्याच संध्याकाळी तिने दिवसाची सगळी नाणी एका मडक्यात ओतली आणि वर थाळी ठेवली.

"आई, उद्या गिऱ्हाइकाला सुटे कुठून देऊ?" तालातोने विचारलं.

"चौदा दिवसांनी घे."

दुसऱ्या संध्याकाळी नवी नाणी आली. हादोने ती त्याच मडक्यात टाकली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आता हे बाहेरचे त्यांच्यात मिसळले. सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून."

आत काय हलकल्लोळ माजला ते विचारू नका. तिसऱ्या संध्याकाळी थाळी सरकली तसे आम्ही सगळे वरच्यांवर ओरडलो की बाबांनो, येऊ नका. ते खाली पडलेच. आमचा पहिला दिवस रोज उजाडायचा, दुसरा कधीच नाही.

मात्र या नव्या मंडळींकडून बाहेरची खबर कळायची. बसगाड्या बंद, त्यामुळे भाडं घेणारे घरी. बाजाराला कुलूप, म्हणून मोपेडी सांभाळणाराही घरी. मशीद बंद, आंधळा म्हातारा गावाला गेलेला. जिथून आम्ही दिवसभर वाहायचो ती सगळी तोंडं बुजलेली. ज्यांच्या हाती आम्ही होतो त्यांना आम्हाला शिवायची भीती, आणि उद्या सुटे मिळणार नाहीत याचीही भीती. म्हणून कुणी टोमॅटोच्या डब्यात ठेवलं, कुणी मोज्यात, कुणी गादीखाली. लोक म्हणत होते की शहरातली नाणी संपली. आम्ही संपलो नव्हतो हो, घरोघर बसून होतो.

छपराखाली तालातोची त्रेधा उडाली. शंभराच्या ताटाला लोक हजाराची नोट पुढे करू लागले. तिने आधी सुट्यांच्या बदल्यात गोळ्या दिल्या, मग काड्यापेट्या. मग दोन गिऱ्हाइकांना जोडून द्यायला लागली. "दोघांचे उरलेले मिळून ही पाचशेची नोट. पुढे कुठेतरी मोडून वाटून घ्या." एकदा तिने असं एका माणसाला त्याच्या सोडून गेलेल्या बायकोच्या भावाशी जोडून दिलं. दोघे तासाभराने परत आले. नोट तशीच होती, एकाच्या शर्टाची बाही मात्र गेली होती.

हळूहळू लोक लांबूनच विचारू लागले, "सुटे आहेत का?" आणि मान हलली की पुढे जायचे. एप्रिलचं ऊन. दुपारपर्यंत चवळी आंबायची. उरलेली घरी यायची आणि दोघी तीच तिन्ही त्रिकाळ खायच्या.

एके सकाळी तालातोने मडक्याला हात घातला. हादोने ते पटकन दोन पायांच्या मधे ओढलं.

"आई, चवळीचं पोतं तळाला आलंय. नवं कशानं आणू? आरझुमा तिकडे अडकलाय. आपल्या घरात आता हीच चूल कमावते."

"नाही म्हटलं ना."

"पण का? सगळं जग बाहेर सुट्यांसाठी वणवण करतंय आणि आपण मडकं भरून बसलोय."

हादोने मडक्यावरची थाळी नीट केली. मग खाली बघत म्हणाली, "मेंदूज्वराची साथ आली त्या वर्षी माझी लेक पोगबी आंबे घेऊन घरी आली. हसत आली. दुसऱ्या दिवशी मान धरली, तिसऱ्या दिवशी गेली. तेव्हा मला कुणी नुसतं सांगितलं असतं ना, की अमुक गोष्टीला शिवू नको, तर मी विहिरीलासुद्धा शिवले नसते. आता रेडिओ सांगतोय, तर मी ऐकू नको?"

तालातो उठून चुलीकडे गेली.

पण चवळी कुणाचं दुःख बघून आंबायची थांबत नाही. दुपारी तालातो कडुनिंबाखाली गेली. तोए मास्तर मुखपट्ट्या शिवत होता, एका बायकी झग्याच्या कापडाच्या, फुलाफुलांच्या. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, सुईत दोरा ओवला आणि म्हणाला, "जा सूनबाई. मी बघतो."

तो लांबूनच हादोच्या दारासमोर उभा राहिला. "म्हातारे, एक विचारू? त्या मडक्यात रोज हात कोण घालतं?"

"मी घालते. दुसरं आहे कोण?"

"मग तुझे चौदा दिवस कधी सुरू झाले?"

हादोच्या तोंडातली कोलाची फोड थांबली.

"आज हात घातलास, तर आजपासून. उद्या घातलास, तर उद्यापासून. म्हणजे तूही त्या मडक्यातच आहेस, फक्त बाहेर बसून. तुझ्याशी बोलणं धोक्याचं. मी नोकर माणूस, मालकिणीचा नियम मोडणार नाही."

तो गेला, शिवणयंत्र उचलून फिरवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

पहिल्या दिवशी हादो हसली. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो पायाने यंत्र चालवत राहिला. तिने त्याच्या शिलाईला नावं ठेवली, त्याच्या कानांना नावं ठेवली, एरवी ज्यावर त्याने अर्धा तास उत्तर दिलं असतं ती, सामो कुत्र्याचं डोकं खातात ही जुनी थट्टासुद्धा उकरली. पाठ हलली नाही. पुढे पुढे तिने स्टूल आत घेतलं. जेवणात लक्ष नाही. चहा अर्धा टाकून द्यायची.

"मेला तो आजारी तर नाही ना?" तिने तालातोला विचारलं.

"त्याची तब्येत छान आहे. तुमची तेवढी बघा," तालातो म्हणाली.

त्यानंतरच्या सकाळी हादोने मडकं उचललं, भाताच्या मोठ्या पातेल्यात आम्हाला ओतलं, वर राखेचं पाणी आणि साबण टाकला आणि चूल पेटवली.

"आई, त्यात मी भात करते."

"आज नाण्यांचा कर."

उकळत्या पाण्यात आम्ही असे उड्या मारत होतो की आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. कित्येक वर्षांचं तेल, तंबाखू, घाम काळ्या साईसारखा वर आला. शेजारणी कुंपणावरून डोकावू लागल्या.

"काय शिजतंय, हादोआई?"

"शंभराचं सार. घरून भाकरी घेऊन या."

त्या हसल्या. पण थोड्या वेळाने मोपेडी सांभाळणाऱ्याची बायको एक टोमॅटोचा डबा कापडात गुंडाळून आली. हळूच म्हणाली, "आमचेही तेवढे उकळून द्याल का?" तिच्या मागून कुणी मोजा आणला, कुणी उशीची खोळ. घरोघर कुणी ना कुणी आमच्यापासून पळत होतं आणि शेजारच्याला सांगायला लाजत होतं. उकळलेल्या नाण्याला मात्र कुणाचीच ना नव्हती. हादो पळीने आम्हाला उपसून भोपळ्याच्या वाडग्यात घालायची आणि ज्याचे त्याला द्यायची. एक जण म्हणाला, माझ्यात दोनशेचं एक होतं. तिने पळी त्याच्यापुढे धरली. "तूच काढ आतून, हाताने." त्याला लगेच आठवलं की नव्हतं.

निम्म्या लोकांनी सुटे तिथेच तालातोला दिले आणि नोटा नेल्या. दुपारी चवळीचं पातेलं रिकामं झालं.

मग हादोने एक गोष्ट केली. वाडग्यातून मला उचललं, उघड्या तळहातावर. मी अजून गरम होतो. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच कुणीतरी मला मूठ मिटून धरलं. ती गल्ली ओलांडून दोन हातांच्या अंतरावर उभी राहिली आणि मला शिवणयंत्रावर टाकलं.

"घे. ताटभर चवळी खा. उपाशी माणसाशी भांडण्यात मजा नाही."

तोए मास्तरने मला उचललं, दोन्ही बाजूंनी न्याहाळलं. "शंभरात माझे पूर्वज सुटायचे नाहीत, म्हातारे."

"तुझ्या पूर्वजांना कोण ठेवून घेतंय? खाऊन खाऊन आमचं कोठार रिकामं केलं त्यांनी."

त्याने यंत्र पुन्हा तिच्याकडे फिरवलं. ती परत दारात आली, स्टूल बाहेर काढलं आणि डोळे पुसले. धूर गेला होता म्हणाली. चूल तर केव्हाच विझली होती.

ताटाच्या बदल्यात मी पुन्हा तालातोकडे आलो. पुढे रस्ते उघडले, आरझुमा घरी आला, आणि त्याच्याबरोबर मी ट्रकमधून बोबोला निघून गेलो. हादोची खबर तिकडून येणाऱ्या नाण्यांकडून कळते. अजून बसते दारात. अजून भांडते.

सध्या मी एका केळीवालीच्या पत्र्याच्या डब्यात असतो. कडा झिजल्यात, पण हातपाय चालू आहेत. तुमच्या घरीही एखादी बरणी असेल. तुम्ही घाबरून आम्हाला तिच्यात टाकलं असेल, यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त आता झाकण काढा. आम्हाला धुवा, उकळा, हवं तर दोन शिव्या द्या, पण बाहेर सोडा. कुणाची तरी चवळी आंबत असेल.

बाकी बोलणं राहिलं तर रागावू नका. समोर एक माणूस दोन केळ्यांसाठी पाच हजारांची नोट काढतोय आणि केळीवालीचा हात डब्यात आलाय. निघतो.