इतिवृत्तातली एक ओळ

ढुंढिराज गुरुजी इंदूच्या दारात उभे राहिले तेव्हा तिला आधी वाटलं, म्हातारबुवांचा पत्ता चुकला असावा. खांद्यावर उपरणं, कपाळावर गंध, एका हातात काठी, दुसऱ्यात कापडी पिशवी. सत्तरी उलटलेला माणूस तीन जिने चढून आला होता आणि धापा टाकत चक्क मराठीत विचारत होता, "साळव्यांची मुलगी ना तू?"

"हो. आपण?"

"ढुंढिराज. दूधविनायकावर, आपल्या मराठी गल्लीत, माझा छापखाना आहे. वडील बोलले नाहीत कधी? नसतीलच बोलले. आत येऊ का? गुडघ्यांना आता उभं राहवत नाही."

इंदूने खुर्ची पुढे केली. घरात अजून अर्धी खोकी बांधलेलीच होती. मूळचे नगरकडचे रेव्हरंड शिवराम साळवे या हिंदी मुलखातल्या शहरात, छावणीतल्या छोट्या हिंदी चर्चचे एकोणतीस वर्षं पाळक होते. नाताळच्या नऊ दिवस आधी ते गेले. नवे पाळक यायचे म्हणून इंदूने चर्चच्या आवारातलं ते दोन खोल्यांचं घर जानेवारीतच रिकामं केलं आणि मागच्या गल्लीत भाड्याने राहायला आली. आता फेब्रुवारी निम्मा सरला होता.

"लगेच यायचं होतं गं," गुरुजी म्हणाले. "पण तुमच्यात सुतक किती दिवस धरतात, ते कुणाला विचारावं कळेना. म्हटलं दोन महिने म्हणजे कुणाच्याही हिशेबात पुरेत."

इंदूला हसू आलं. पपा गेल्यापासूनचं बहुधा पहिलंच. "चहा घ्याल?" ती बोलून गेली आणि मग अवघडली. हे आपल्या घरचा घेतील का?

"घेतो की. तुझे वडील अकरा वर्षं माझ्याकडे घेत होते. दोन चमचे साखर घालून."

घरी पपा बिनसाखरेचा पीत. इंदू स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. "अकरा वर्षं? ते तुमच्याकडे कशासाठी येत होते?"

"प्रुफं तपासायला," गुरुजी सहज म्हणाले. "संस्कृत पक्कं होतं त्यांचं. आमच्या पोथ्या, विधींचे प्रयोग, स्तोत्रं. श्राद्धप्रयोगाच्या तीन आवृत्त्या त्यांच्या नजरेखालून गेल्यात. मी म्हणायचो, साळवे, इथे अनुस्वार राहिला तर यजमानाचे पितर उपाशी राहतील. ते म्हणायचे, मग राहू देऊ नका, लावा अनुस्वार! असा माणूस. बुधवार आणि शनिवार, दुपारी तीन ते सहा. पानामागे पैसे. घेताना लाजायचे, पण घ्यायचे. बायकोचं डायलिसिस चालू होतं ना तेव्हा."

बुधवार आणि शनिवार. पपा म्हणत, "भेटी द्यायला जातोय." पाळकाने घरोघर भेटी द्यायच्याच असतात, म्हणून इंदूने कधी विचारलं नाही की कुणाच्या. आईच्या आजारपणातही तिने एकदाच विचारलं होतं, "दवाखान्याचं कसं जमवता?" तेव्हा ते म्हणाले होते, "नगरची जमीन विकली भावाने. माझा हिस्सा आला." इंदूला तेव्हा कॉलेजात तासांवर पैसे मिळत होते. जमिनीचं उत्तर ऐकून तिला सुटल्यासारखं झालं होतं, आणि सुटका देणारं उत्तर माणूस पारखून घेत नाही. आई चार वर्षं काढून गेली. पपांचं बुधवार-शनिवार जाणं मात्र थांबलं नाही; दारावर येणाऱ्यांना काही ना काही द्यावं लागे, आणि ते मुलीच्या पगारातून द्यायला त्यांनी कधीच मान्यता दिली नव्हती.

तिने चहा आणून ठेवला. गुरुजींनी बशीत ओतून घेतला.

"मला एक कोडं होतं बघ. आम्ही कसं, आधीच सांगून मोकळे होतो. रुद्राला एवढे, वास्तूला एवढे. यजमान घासाघीस करतो, आम्ही त्याला चार शब्द सुनावतो, मधे कुठेतरी जमतं. लाज कसली? पोट मंत्रांनी भरत नाही. मी त्यांना म्हटलं, तुमची चर्चची मंडळी काय देते? ते हसले. म्हणाले, 'गुरुजी, त्यांनी एकदा वाढवून द्यायचं ठरवलं होतं. मी नको म्हटलं, आणि त्यांना ते खरंच वाटलं!'"

गुरुजी स्वतःच खो खो हसले. इंदूने हातातला कप खाली ठेवला.

"आणखी काय म्हणाले?"

"आणखी? हां. म्हणाले, 'ज्याने ते लिहून घेतलं, त्याने फार सुरेख अक्षरात लिहिलं. आता खोडायचं कसं?'" गुरुजींनी बशी संपवली. "राग नव्हता हो त्यात. गंमतच वाटत होती त्यांना."

लिहिणारी इंदू होती. हे गुरुजींना ठाऊक नव्हतं आणि तिने सांगितलं नाही. जाताना त्यांनी पिशवीतून पेढे काढून टेबलावर ठेवले आणि कठडा धरत तीन जिने उतरून गेले. ती दारात उभी राहून त्यांच्या काठीचा आवाज ऐकत राहिली.

*

चौदा वर्षांपूर्वी इंदू सत्तावीस वर्षांची होती. पुण्याहून एम.ए. करून आलेली, ढीगभर पुस्तकं वाचलेली, आणि आपले वडील पैशांच्या पलीकडचे आहेत याचा ताठा असलेली. अक्षर चांगलं म्हणून मंडळीने तिला समितीची सचिव केलं. त्याच वर्षी पाळकांचा पगार जवळपास दीडपट करण्याचा ठराव आला. रिवाज असा, की पगाराचा विषय निघाला की पाळकाने उठून बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसायचं. ठरलं की त्याला आत बोलवायचं. पपा आत आले, आकडा ऐकला, हात जोडले आणि म्हणाले, "अरे नहीं नहीं, इसकी क्या ज़रूरत है। इतने में चल जाता है।"

समितीचे अध्यक्ष, रेल्वेतल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले लाल साहेब, टेबलावर थाप मारून म्हणाले, "देखा! सेवक ऐसे होते हैं।" सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि इंदूने लिहिलं: पाळकांनी प्रस्तावित पगारवाढ नम्रपणे नाकारली. त्यांच्या त्यागाबद्दल मंडळीने देवाची स्तुती केली.

घरी जेवायला बसलं की पपा पहिल्या पोळीनंतर ताटावर हात आडवा धरत. "नको, बस झालं." आई, प्रभावती, त्या हाताकडे बघतसुद्धा नसे, दुसरी पोळी वाढून मोकळी होई आणि पपा मुकाट जेवत. त्यांचं पहिलं 'नको' त्या घरात कुणीही कधीच खरं धरलं नव्हतं. नगरकडे कुणीच धरलं नसतं. तिथल्या पंचांनी म्हटलं असतं, "असं कसं, घ्यावंच लागेल पाळकसाहेब," आणि तिसऱ्या आग्रहाला पपांनी मान खाली घालून घेतलं असतं. त्या खोलीत हे कळणारी मराठी माणसं दोनच होती. एकजण हात जोडून उभा होता. दुसऱ्याच्या हातात पेन होतं.

तिला कळलं नव्हतं असं नाही, हेच तर वाईट होतं. लिहिताना क्षणभर पेन थांबलं होतं. पपांनी तिच्याकडे पाहिलं होतं, अगदी ओझरतं. पण ते वाक्य इतकं देखणं उतरत होतं, आणि त्यागी बापाची मुलगी असणं इतकं छान वाटत होतं, की तिने ते पूर्ण केलं.

*

रविवारी उपासनेनंतर समिती वेदीमागच्या खोलीत बसली. बैठक नेहमीप्रमाणे हिंदीत. विषय दोन: दिवंगत पाळकांच्या नावाचा संगमरवरी फलक, आणि नवे पाळक निर्मल मसीह यांचा अर्ज. निर्मल मसीह तिशीचे, दोन लहान मुलींचे बाप. त्यांनी आल्याआल्या सरळ लिहून दिलं होतं की आधीच्या पगारात चार माणसांचं भागणार नाही. ते आता बाहेर बाकावर बसले होते. दाराच्या फटीतून त्यांच्या बुटांची टोकं दिसत होती.

फलकाला पाच मिनिटंही लागली नाहीत. मजकूर लाल साहेबांनीच आणला होता: 'अल्पसंतुष्ट सेवक, ज्याने कधी काही मागितलं नाही.' आता ते ऐंशीला टेकले होते, पण आवाज तसाच होता.

"आता हा अर्ज," ते म्हणाले. "आजकालची पोरं सेवेआधी पगार विचारतात. इंदू बेटी, ते जुनं इतिवृत्त काढ. चौदा वर्षांपूर्वीचं. वाचून दाखव. म्हणजे कळेल सगळ्यांना पाळक कसा असतो."

वही तिच्यासमोरच होती. पान शोधावं लागलं नाही. दर वर्षी कुणी ना कुणी ते वाचायला लावत आलं होतं, आणि दर वर्षी तिने ते वाचलं होतं. आजही वाचलं की काम झालं असतं. फलक लागला असता, बाहेरचा माणूस नकार ऐकून मुलींकडे गेला असता, आणि पपा संत राहिले असते. न वाचून चालणार नव्हतं. तिने वाचलं. मग वही मिटली नाही.

"हे चूक आहे," ती म्हणाली. "मी चुकीचं लिहिलं."

"म्हणजे? मी इथेच होतो. पादरी साहब नाही म्हणाले."

"एकदा नाही म्हणाले. लाजून. आमच्याकडे माणूस पहिल्यांदा नाहीच म्हणतो, समोरच्याने पुन्हा म्हणायचं असतं. इथे कुणी पुन्हा म्हटलं नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं."

"तो क्या वे झूठ बोले?" लाल साहेबांनी भुवया वर केल्या.

"नाही. खोटं मी लिहिलं."

लहानपणी रविवारच्या शाळेत इंदूला शिकवणाऱ्या ग्रेस आंटींनी तिच्या हातावर हात ठेवला. "बेटा, तू दुःखात आहेस. इतने में उनका चल तो गया ना?"

इथे थांबता आलं असतं. पण 'चल तो गया' ऐकल्यावर तिला गप्प बसवेना.

"नाही चाललं आंटी. आईच्या डायलिसिसपासून ते दूधविनायकावर एका छापखान्यात प्रुफं तपासत होते. अकरा वर्षं. तुम्हाला वाटायचं ते भेटी द्यायला जातात. मलाही वाटायचं."

मग लाल साहेबांनी हळूच विचारलं, "कसली प्रुफं?"

ती खोटं सांगू शकली असती. शाळेची पुस्तकं म्हटलं असतं तरी चाललं असतं. "पोथ्यांची," ती म्हणाली. "श्राद्धाच्या, पूजेच्या."

"श्राद्ध की!" कुणीतरी मागून म्हणालं, आणि खोली एकदम बोलू लागली. पाळकाने बाहेर पगारी काम करायचं नाही असा नियम आहे. आणि तेही असलं काम? इकडे प्रभुभोजन द्यायचं आणि तिकडे पिंडदानाचे मंत्र सुधारायचे? दुसरा म्हणाला, भाई, बीवी मर रही थी उसकी. तिसरा म्हणाला, तर मग मंडळीला सांगायचं, आपण काय परके होतो? इंदूला ओरडावंसं वाटलं, सांगितलं होतं, हात जोडून उभे राहिले होते तुमच्यासमोर. पण त्या वाक्यावर तिचा तरी काय हक्क होता?

ग्रेस आंटींनी हात काढून घेतला. "हे आत्ता सांगायची काय गरज होती, इंदू? तो माणूस मातीत आहे."

शेवटी लाल साहेबांनी टेबलावर थाप मारली. ते दमलेले दिसत होते. "दे दो भाई, जितना माँगता है दे दो। नहीं तो ये भी किसी पंडित के यहाँ छपाई करने जाएगा।"

तीन-चार जण हसले. हात वर झाले. सहा विरुद्ध चार. मग कुणीतरी म्हणालं, फलकाचं जरा थांबवू या, आणि त्याला एकही हात विरोधात गेला नाही. इंदूचासुद्धा नाही, सचिवाला मत नसतं. तिने दोन्ही ठराव लिहिले. अक्षर सुरेख येऊ नये म्हणून ती घाईने लिहीत होती, तरी ते सुरेखच येत होतं.

"बोलवा त्याला," लाल साहेब म्हणाले.

ती दार उघडून बाहेर गेली. निर्मल मसीह बाकावरून उठले. त्यांनी आतला आवाज ऐकला असावा; चेहरा उतरला होता. "कुछ गड़बड़ हुई, दीदी? मेरी वजह से?"

"नाही. चला."

आत लाल साहेबांनी आकडा सांगितला. सगळे निर्मल मसीहांकडे बघत होते. इंदू त्यांच्या हातांकडे बघत होती. ते हात जोडले गेले नाहीत. एका हाताने त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती.

"धन्यवाद," ते म्हणाले. "खरंच गरज होती. या महिन्यापासून मिळेल का? मोठीची फी भरायची आहे."

इतकं सोपं होतं तर! इंदूला त्या तरुण माणसाचा असा राग आला की तिची तिलाच भीती वाटली. एकोणतीस वर्षांत एक वाक्य जे पपांच्या तोंडून निघालं नाही, ते यांनी उभ्याउभ्या म्हणून टाकलं. तिने आपल्या बापाचं नाव या टेबलावर ठेवून ही पगारवाढ विकत घेतली होती, आणि ती ज्याला मिळाली त्याला याचा पत्ताही नव्हता. मग तिला दिसलं, की खुर्चीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. हे वाक्य त्यांनी बाहेर बाकावर बसून कितीदा घोकलं असेल कोण जाणे.

लाल साहेब चष्मा पुसत होते. एखाद्याने अजून 'पुढच्या महिन्यापासून बघू' म्हटलं असतं तर ते चालूनही गेलं असतं.

"याच महिन्यापासून," इंदू म्हणाली, आणि ते शब्द कुणी बदलायच्या आत तिने ठरावात लिहून टाकले.