थंडरचा आवाज

वर्लिन स्टॅम्परच्या बैठकीत पाहुण्याला बसायला जागा नव्हती, कारण सगळ्या जागा चषकांनी अडवल्या होत्या. ते त्याच्या थंडर नावाच्या शिकारी कुत्र्याने रकून, म्हणजे झाडावर चढणारं चोरटं निशाचर जनावर, शोधायच्या स्पर्धांत जिंकलेले. थंडरने झाडावर खराखुरा रकून शेवटचा कधी दाखवला, हे विचारायची मात्र त्या खोऱ्यात कुणाची छाती नव्हती.

स्पर्धेची रीतच तशी. अंधार पडला की कुत्री रानात सोडायची. ज्याचं आधी भुंकेल त्या मालकाने आधी ओरडून कुत्र्याचं नाव पुकारायचं, त्याला गुण जास्त. झाडापाशी जाऊन भुंकलं की पुन्हा ओरडायचं, पुन्हा गुण. वर रकून नसला तर गुण कापतात; पण झाड पोकळ निघालं, तर 'असेल बुवा आत' म्हणून पंच सोडून देतात. थंडर हे बरोब्बर शिकला होता. केंटकीच्या त्या डोंगरातलं एकूण एक पोकळ झाड त्याला पाठ होतं. आणि पट्टा सुटायच्या आत तोंड सुरू! वर्लिन पिल्लंही आवाजावरच निवडायचा. गप्प पिल्लू दिसलं, की दिलं कुणाला तरी फुकट.

ज्युनो ही कुत्री तेवढी त्याची नव्हती. बायकोला, ऑर्फाला, ती तिच्या बापाने मरताना दिलेली. तिच्याबरोबर आलेली बहीण मागेच मेली; म्हाताऱ्याच्या घरच्या कुत्र्यांतली ही शेवटची. आता ती माजावर आली होती आणि या वयात हे तिचं शेवटचंच वेत. वर्लिनने थंडरशी सोयरीक परस्पर पक्की करून टाकली होती.

नेमके तेव्हाच ऑर्फाच्या गोड मक्यात रकून शिरले. कणसं सोलायची, एक घास खायचा, बाकीचं मातीत. ऑर्फा भडकली.

"बैठकीत विजेते आणि परसात चोर! ऐक वर्लिन, ज्युनो माझी आहे. जो कुत्रा मला चोर दाखवील, त्याचीच पिल्लं या घरात."

"म्हणजे थंडरचीच की."

"होबर्टलाही बोलावलंय मी."

वर्लिन पोट धरून हसला. शेजारच्या होबर्ट कूम्ब्सच्या कुत्र्याला चषक तर सोडाच, धड नावही नव्हतं. होबर्ट त्याला 'ए कुत्र्या' म्हणूनच हाक मारायचा.

अंधार पडल्यावर दोघांना मक्याच्या कडेला सोडलं. थंडरने आभाळ डोक्यावर घेतलं.

"पहिला थंडर!" वर्लिन सवयीने ओरडला. थोड्या वेळाने ओढ्यापलीकडून थंडरचा एकसारखा गजर ऐकू आला. "झाडही थंडरचं!"

दिवा मारून पाहिलं. फांद्या रिकाम्या, बुंधा पोकळ.

"असेल आत," वर्लिन म्हणाला. "याचे गुण कापत नाहीत."

"माझी कणसं गेली त्याचं काय? हा तुझा 'असेल' उद्या ताटात वाढू का तुला?" ऑर्फा म्हणाली. गर्जेल तो पडेल काय, हे तिला बापाने लहानपणीच शिकवलं होतं.

होबर्टच्या कुत्र्याचा मात्र हूं नाही की चूं नाही.

"तुझं जाऊन झोपलं वाटतं घरी," वर्लिन म्हणाला.

"दम धरा वहिनी," होबर्ट त्याच्याकडे न बघताच ऑर्फाला म्हणाला.

तेवढ्यात कोठारामागून एक भुंकणं आलं. खोल, सावकाश. मग दुसरं. वर्लिनने तो आवाज लगेच ओळखला. ऑर्फाला मागणी घालायला तो सासऱ्याच्या ओसरीवर बसायचा, तेव्हा डोंगरावरून सासऱ्याच्या कुत्र्यांचा हाच आवाज यायचा. तिघं धावत गेले. अक्रोडाच्या फांदीवर दोन रकून बसले होते, एकाच्या हातात अजून कणीस होतं.

"हा आवाज कुठून आणलास रे?" वर्लिनने विचारलं.

"तुझ्याच दारातून. ज्युनोच्या बहिणीचं पोर हे. 'मुकं आहे, घेऊन जा,' म्हणून तूच पोत्यात घालून दिलंस."

वर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशी किती पोती त्याने वाटली होती, देव जाणे.

सकाळी होबर्ट न्याहारीला आला. नराच्या मालकाने वेतातलं पहिलं पिल्लू निवडायचं, ही तिकडची जुनी चाल. वर्लिन त्याच्यापुढे मक्याची भाकरी सरकवत पडेल आवाजात म्हणाला, "पिल्लं झाली की पहिली निवड तुझी."

"निवड नको रे बाबा," होबर्ट भाकरीला लोणी लावत म्हणाला. "निवड तूच कर. तू जे टाकून देशील, ते मला दे."