वालजी शेटच्या मोटारीचा बेत

खालापूरच्या भाताच्या गिरणीत नामा मुकादम होता. गिरणी मुंबईच्या वालजी शेटची. शेट वर्षातून दोनदा तोंड दाखवायचा. बाकी सगळा कारभार मुनिमाच्या पत्रांवर चालायचा. नामा मराठी चौथी शिकलेला, म्हणून पत्रं वाचायचं कामही त्याच्याच गळ्यात.

त्या साली दसरा झाल्यावर आलेल्या पत्रात भाताबद्दल एक अक्षर नव्हतं. शेटनं मोटार घेतली होती. आई, बायको आणि मेहुणी यांना घेऊन तो मुंबईहून पुण्याला मोटारीनं जाणार होता, आणि पनवेलपासून खंडाळ्यापर्यंतचा बेत नामानं आखून पाठवायचा होता. पाणी कुठे मिळेल, सावली कुठे आहे, बायकांना आडोसा कुठे, आईसाहेबांना गाईचं दूध कुठे, रस्ता कुठे उखडलाय, सगळं मैलामैलाचं लिहून.

नामा जन्मात मोटारीत बसला नव्हता. बैलगाडीनं पनवेल गाठायला अख्खा दिवस जातो, एवढंच त्याला ठाऊक. शेवटी खोपोलीच्या बाजारात त्यानं एका साहेबाच्या ड्रायव्हरला गाठलं. त्यानं सांगितलं की घाट चढताना मोटारीला बैलापेक्षा जास्त तहान लागते, वळणावर पाणी हवंच. मग नामा तीन दिवस उन्हातून रस्ता तुडवत फिरला. मैलाचे दगड मोजले, विहिरी पाहिल्या, खड्डे लिहून घेतले. कुंभिवलीला त्याच्या घरची लवकर पिकणारी हळवी भातं तोवर कापणीला येऊन पिवळीधमक झाली होती. बायको जिजा रोज आठवण करून द्यायची आणि तो रोज दोन दिवसांचा वायदा करायचा.

बेत टपालात पडला आणि सुटलो असं त्याला वाटलं. पण उत्तर आलं की आईसाहेबांना गिरणीचा कोंडा सोसत नाही, मुक्काम खालापूरला नको, बेतात लिहिलेल्या कुंभिवलीच्या आंब्याखाली ठेवा. नामानं आंब्याखालची जागा साफ केली. पुढच्या पत्रात निघायचा दिवस गुरुवारचा सोमवार झाला. त्याच्या पुढच्या पत्रात आंब्याखाली मुंग्या असतील, म्हणून मांडव घालायला सांगितलं. मांडवाचे बांबू पुरते उभे राहतात तोच सोमवारचा शनिवार झाला. एका पत्रात तर मेहुणीबाईंना हा रस्ता ऐकूनच कंटाळवाणा वाटतो, तेव्हा चौक ते खोपोली बघण्यासारखं काय आहे ते कळवावं, असा हुकूम होता.

नामा तो कागद घेऊन गिरणीच्या पायरीवर कितीतरी वेळ बसला. बघण्यासारखं काय असणार? शेतं होती, दगड होते, धूळ होती. शेवटी त्यानं लिहिलं, ‘डावीकडे डोंगर आहे. उजवीकडेही डोंगर आहे.’ दुसरं काही सुचेना आणि सुचवायची इच्छाही राहिली नव्हती.

घाटातल्या पाण्यासाठी त्यानं वरच्या ठाकरवाडीतल्या आवडीला सांगून ठेवलं होतं. दिवस बदलल्याचा निरोप वेळेवर न पोचल्यानं हंडे भरून ती दोनदा वळणावर जाऊन बसली आणि दोन्ही वेळा रिकाम्या रस्त्याकडे बघून परत गेली. तिसऱ्यांदा नामा सांगायला गेला तेव्हा ती दारात उभीच राहिली.

“शेट येल तवा येल,” ती म्हणाली. “आमी किती येळा वळणावर बसायचं रं? आमची पोटं काय त्या मोटारीसंगं बांधलीत?”

नामानं घरचेच बैल जुंपले, पिंप भरलं आणि घाटाच्या दुसऱ्या वळणावर नेऊन ठेवलं. जिजाला गाडी त्याच दिवशी शेतावर हवी होती. दुसऱ्या दिवशी ती स्वतः ठाकरवाडीत गेली आणि आवडीला कापणीला घेऊन आली.

शनिवार उजाडला. मांडवात सतरंजी अंथरली, दूध तापवून झाकलं, पुऱ्यांची टोपली आली. नामा धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून रस्त्याला डोळे लावून उभा होता. सूर्य डोक्यावर आला तेव्हा कुठे खालापूरच्या बाजूनं धुरळा उठला. मोटार मांडवासमोर थांबली. आत ड्रायव्हर एकटाच होता. मागच्या बाकावर ट्रंका आणि वळकट्या रचलेल्या होत्या.

“मंडळी सकाळच्या आगगाडीनं गेली,” ड्रायव्हर जांभई देत म्हणाला. “मेहुणीबाई म्हणाल्या, रस्त्यात बघायला काही नाही.”

त्यानं चार पुऱ्या खाल्ल्या, दूध संपवलं. मग म्हणाला की झोपेनं डोळे मिटतायत, घाटात पाणी कुठे ठेवलंय ते दाखवायला चला आणि वाटेत माझ्याशी बोलत राहा. नामाचं डोकं सुन्न झालं होतं. तो चढून बसला.

पहिला मैल त्यानं दार घट्ट धरून काढला. मग भीती गेली आणि नुसता धुरळा उरला. जे दगड त्यानं तीन दिवस उन्हात मोजले होते, ते दोन शब्द बोलून होईपर्यंत मागे पडत होते. ड्रायव्हर विचारायचा, पुढे काय? नामा सांगायचा, शेतं. पुन्हा विचारायचा, आणि पुढे?

तेवढ्यात त्याचं स्वतःचं शेत आलं. जिजा आणि आवडी वाकून कापत होत्या. मोटारीचा आवाज ऐकून दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नामा मान खाली घालून बाकात दबून बसला. पण जिजानं त्याला पाहिलं होतं.

दुसऱ्या वळणावर मोटार वाफा टाकू लागली. नामानं पिंपातलं पाणी काढून दिलं. खंडाळ्याला ड्रायव्हरनं त्याला उतरवलं, हात हलवला आणि निघून गेला. नामा घाट पायी उतरला. उतरताना त्याला शेटचा राग आला, मुनिमाचा आला, न पाहिलेल्या मेहुणीचा आला, आणि खोपोली जवळ येईतो सगळा राग स्वतःवर येऊन थांबला.

दिवेलागणीला तो घरी पोचला. जिजा अंगणात विळ्यांना धार लावत होती. खालच्या दोन खाचरांतला दाणा अर्धाअधिक झडला, एवढं तिनं सांगितलं. पुन्हा पत्र आलं तर जाणार नाही, असं नामा म्हणाला.

“मला नका सांगू,” ती धार लावत म्हणाली. “शेटला सांगा.”

सकाळी नामा गिरणीत गेला. त्यानं मुनिमाला चार ओळी लिहिल्या: घरचं भात झडतं आहे, आठ दिवस कामावर येणार नाही, किल्ल्या राखणदाराकडे आहेत; दुसरा मुकादम नेमायचा असेल तर नेमावा. सही केली आणि पत्र टपालात टाकून तो सरळ शेतावर गेला.

दोघी बऱ्याच पुढे गेल्या होत्या. आवडी त्याला बघून गालात हसली. जिजानं मान वर केली नाही. आपल्या शेजारची, कापायची राहिलेली पात तेवढी हातानं दाखवली. नामानं धोतर खोचलं आणि पहिली मूठ धरली. मुठीतून दाणे सुटून त्याच्या पायावर पडले. तो खाली न बघता कापत राहिला.