ठोकून घेतलेलं घर

मोतीराम माळ्याला एक खोड होती: वस्तू ठोकल्याशिवाय घ्यायची नाही. भोपळा ठोकायचा, माठ ठोकायचा, जावई बघायला आला तेव्हा त्याचीही पाठ दोनदा ठोकून पाहिली होती. २००२ साली, सिंहस्थ तोंडावर आला म्हणून नाशकात जो तो घरं घेऊन विकायला निघाला, तसं मोतीरामच्याही अंगात आलं. मखमलाबाद रस्त्याला एक जुनं बैठं घर घ्यायचं, डागडुजी करायची, रंग फासायचा आणि विकायचं. तेवढं जमलं की त्याची बायको नवसाबाई भाजीबाजारातल्या ओट्यावरून कायमची उठणार होती. तीस वर्षं मांडी घालून बसून बिचारीचे गुडघे पार गेले होते.

मोतीरामने सगळ्या भिंती ठोकल्या, कान लावला, मान डोलावली. "ठणठणीत! शिवाय जमीन कुणाची? आपल्याच जुन्या मळ्यातली!" ती जमीन तेवढी ठोकायची राहिली. एवढा शहाणा माणूस!

रंग सुकतो न सुकतो तोच मागच्या खोलीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. चिमाजी गवंड्याने खचलेली फरशी उकरली, तर खाली नुसता भुसभुशीत कचरा. "मालक, हितं विहीर बुजवलीय. मुरूम नाय, दगड नाय, घाण टाकलीय नुसती."

मोतीराम भडकला. "कोण तो हरामखोर? वाटोळं होईल त्याचं! दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो लेकाचा!" दहा मिनिटं त्याने त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेवढ्यात चिमाजीने शेंदूर फासलेले सात दगड वर काढले.

नवसाबाईने ते लगेच ओळखले. विहिरीवरच्या साती आसरा, पाण्याच्या देवी! सून म्हणून आल्यापासून तिनेच त्यांना शेंदूर लावला होता.

"अवो, हे तर तुम्ही गंगेत सोडून आला होता ना?"

मोतीराम लगबगीने फरशीचे तुकडे गोळा करायला लागला. वीस वर्षांपूर्वी मळा विकताना मुरूम कोण आणणार, म्हणून सडके कोबी आणि बाजारचा कचरा लोटून त्यानेच विहीर भरली होती. गोदावरीपर्यंत जायचा कंटाळा, म्हणून देवही आतच. पुढे तिथे प्लॉट पडले, रस्ते फिरले आणि विहीर कुठे होती आणि कुणी बुजवली तेही हा गडी साफ विसरला.

तरी त्याने भेग लिंपून घेतली. आठवड्याने गिऱ्हाईक आलं, प्रतिभा नावाची शाळामास्तरीण, कडेवर लेकरू. घर तिला फार आवडलं.

"काका, पाया पक्का आहे ना?"

लेकरू नेमकं मागच्या खोलीत रांगायला लागलं. 'पक्का' एवढं म्हटलं की नवसाबाई सुटली! मोतीरामने लिंपलेली भेग एकदा ठोकून पाहिली.

"घेऊ नका, बाई. खाली विहीर आहे. कुणा लबाडाने कचऱ्याने भरलीय."

"तुमच्या ओळखीचा होता?"

"ओळखीचा म्हणजे? माझ्याच ताटात जेवतो!"

मास्तरीण लेकराला उचलून निघून गेली. मोतीराम शिव्या खायच्या तयारीने मान खाली घालून उभा राहिला. कोपऱ्यात बसलेली नवसाबाई भिंतीला धरून कण्हत उठली.

"बरं केलंत. आता उद्यापासून ओट्यावर तुम्ही बसायचं. मी घरी."

"किती दिवस?"

"विहीर मुरमाने भरेस्तोवर."