थोरलीचं नाव

जिवंत सवतीशी निदान भांडता येतं. तिच्या कालवणात मूठभर जास्तीचं मीठ टाकता येतं, नवऱ्यापुढं चहाड्या सांगता येतात, अगदीच डोक्यावरून पाणी गेलं तर झिंज्या धरता येतात. मेलेल्या सवतीचं काय करायचं? अंबूबाई सव्वीस वर्षं याच विचारात होती. त्यातून सवतीचं नावही अंबूबाईच. त्यामुळं भांडी घासताना मनातल्या मनात शिवी हासडायची म्हटली तरी पंचाईत व्हायची.

गाव उंब्रजपासून कोयनेच्या अंगाला. तिथं कुणी ‘अंबूबाई’ म्हटलं की ऐकणारा विचारायचा, “थोरली का धाकटी?” थोरली म्हणजे लालासाहेबांची पहिली बायको. बेचाळीसच्या धामधुमीत लालासाहेब भूमिगत झाले होते. एका सकाळी त्यांचे तिघे सोबती घरात असताना पोलिसांनी गावाला वेढा दिला. थोरलीनं तिघांना अंगणातल्या रिकाम्या पेवात उतरवलं, त्या धान्याच्या खड्ड्यावर फरशी सारली, आणि फरशीवर पोतं अंथरून जोंधळा पाखडत बसली. पोलिसांनी तिला काठीनं मारलं, बुटानं मारलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं नाही. पुढं दोन-तीन वर्षांत ती तापानं गेली. वय तेवीस. तेव्हापासून गावात ही गोष्ट निघाली नाही असं एकही लग्न की बारसं झालं नसेल, आणि दर खेपेला सांगणारा पोलिसांच्या काठ्या चार-दोन वाढवूनच सांगायचा.

धाकटी आता चाळिशी ओलांडून गेली होती, आजी व्हायच्या बेताला आली होती. पण तेविशीत गेलेली ती थोरली आणि ही आपली धाकटीच.

ती मूळची हरणा. माणदेशातल्या कोरडवाहू घरातली, बहिणी-बहिणींच्या रांगेतली, म्हणून बिजवराच्या पदरात पडलेली. लग्नात तांदळाचं ताट पुढं आलं आणि नवऱ्यानं अंगठीनं तांदळात तिचं नवं नाव लिहिलं. हरणाला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण भोवतीच्या बायका एकदम गप्प झाल्या, एकीनं पदर तोंडाला लावला, सासू साळूबाई तर हुंदके द्यायला लागली, तेव्हा हरणाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तांदळात काय लिहिलंय ते तिला संध्याकाळी शेजारणीनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सासूनं तिच्या गळ्यात टाक बांधला. चांदीचा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेली, हात जोडलेली बाई. ही सवत. नवं लुगडं आधी हिला लावायचं, मग आपण नेसायचं. जेवायला बसलं की पहिला घास हिला दाखवायचा. दुसरेपणावर आलेल्या बाईनं एवढं करायचंच असतं, नाहीतर गेलेली सुखानं नांदू देत नाही म्हणतात. अंबूबाईनं ते सगळं पाळलं. फक्त घास दाखवताना ती भाकरीचा करपलेला कोपरा मोडून दाखवायची. तेवढंच तिच्या हातात होतं.

बरं, थोरली दिसायला कशी होती हेही कळायला मार्ग नव्हता. फोटो एकही नाही. टाकावरच्या बाईला नाक नाही, डोळे म्हणजे दोन टिंबं. त्यामुळं धाकटी तिला मनात रोज नवं रूप द्यायची आणि ते रूप दर वेळी आपल्यापेक्षा उजळ निघायचं. मग तिचा दिवसभर जळफळाट. “मेल्या म्हशीला मनभर दूध,” ती पुटपुटायची.

सदुसष्टला कोयनेचा भूकंप झाला. घर हललं तसं अंबूबाईनं सासूला पाठुंगळी मारून बाहेर काढलं. मग शेजारची भिंत पडली होती तिथली माती हातांनी उपसून दोन पोरं जिवंत बाहेर काढली. तिची नखं उलटली. पुढं कितीतरी दिवस तिला भाकरी थापता येईना. गावानं कौतुक केलं, नाही असं नाही. चावडीपुढं गावातला कोंडीबा म्हणाला, “नावाचा गुन हाय गड्या. थोरलीच अंगात आली म्हनायची!” साळूबाईनं डोळे पुसत मान डोलावली. लालासाहेब तिथंच उभे होते. अंबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नखं हिची उलटली आणि पुण्य मात्र त्या पत्र्यावरच्या बाईच्या पदरात!

तर अशी ही अंबूबाई. आणि हिला बहात्तर साली थोरलीच्या सत्काराला जावं लागलं.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सांगलीत, विश्रामबागेत, चळवळीतल्या जुन्या माणसांनी मेळावा भरवला होता. थोरलीच्या नावाचा मान लालासाहेबांनी घ्यायचा होता, जोडीनं या असा निरोप होता.

“मी कशाला?” अंबूबाई म्हणाली. “माझं काय काम हाय तितं?”

“जोडीनं म्हनत्यात. चल.”

तिनं नवं लुगडं काढलं, टाकाला लावलं आणि नेसलं. एसटी कराडच्या पुढं गेली तरी तिनं नवऱ्याशी एक शब्द काढला नाही.

मांडवात गर्दी होती. लालासाहेबांना पुढच्या रांगेत बसवलं, हिला बायकांत. नावं पुकारायला एक तरणा मास्तर होता. त्याला हातात दिलेली नावं तेवढी ठाऊक. तो माईकवर ओरडला, “आता मानकरी अंबूबाई!”

आणि अंबूबाई उठली. सव्वीस वर्षांची सवय. अंबू म्हटलं की उठायचं, पाणी द्यायचं, वैरण टाकायची, भाकरी वाढायची. ती उठल्यावर तिच्या ध्यानात आलं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. मास्तरनं तिला हाताला धरून वर नेलं, गळ्यात हार घातला. खाली लालासाहेब अर्धवट उठून उभे राहिले.

तेवढ्यात पटकेवाला एक म्हातारा माणसांतून वाट काढत वर आला आणि त्यानं तिचे पाय धरले.

“वहिनी! मी नानासो. पेवातला. तुमी गेलासा म्हनून कुनीतरी सांगितलं हुतं मला!” तो रडत होता. “तुमचं त्वांड बी नीट बगितलं न्हवतं वो मी. त्याच रातीला कानडी मुलखात पळालो. फरशीच्या फटीतनं जोंधळं पडत हुतं आमच्या डोसक्यावर. वर काठ्या वाजायच्या आन खाली जोंधळं पडायचं.”

आता बोलायला हवं होतं. ‘मी ती न्हवं बाबा’, एवढेच शब्द. अंबूबाईनं ते काढले नाहीत. खोटं कशाला सांगा, तिला गोड वाटत होतं. एवढी माणसं तिच्याकडं बघत होती आणि कुणीही ‘थोरली का धाकटी’ विचारत नव्हतं. इतकी वर्षं जिनं आपलं सगळं खाल्लं, तिचा एवढासा घास आपण घेतला तर कुठं बिघडलं?

“भ्या वाटलं न्हाई, वहिनी?” नानासोनं विचारलं. मास्तरनं माईक तिच्या तोंडापुढं धरला.

“न्हाई वाटलं,” अंबूबाई म्हणाली.

टाळ्यांनी मांडव भरून गेला. त्या थांबायच्या आत लालासाहेब वर आले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

“थांबा,” ते म्हणाले. “ही ती न्हवं. ती पंचेचाळीसलाच गेली. ही माझी दुसरी.”

टाळ्या मधेच थांबल्या. मग मागं कुठंतरी कुणीतरी हसलं. मास्तर गोंधळला आणि घाईघाईनं तिच्या गळ्यातला हार काढायला लागला. हाराचा दोरा टाकात अडकला. तो ओढतोय, हार निघत नाही, आणि हजारभर माणसं बघताहेत. शेवटी दोरा तुटला. फुलं तिच्या पायावर सांडली. नानासो हात जोडून तसाच उभा होता, कुठं बघावं ते त्याला कळत नव्हतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

तिला खाली उतरवलं ते एका पांढऱ्या केसांच्या उंच बाईनं. “चल माज्यासंगं,” ती म्हणाली आणि तिला मांडवामागच्या आपल्या घरी घेऊन गेली. ही सुलाबाई. चळवळीत पोरसवदा असताना निरोप पोचवायची, आणि थोरलीच्या शेवटच्या दुखण्यात तिच्या उशाशी तीच होती. पुढं लग्न होऊन सांगलीला आली ती परत त्या गावाकडं फिरकली नव्हती.

सुलाबाईनं चहा केला. अंबूबाई कप हातात धरून नुसती बसली आणि मग एकदम फुटली. “त्यांनी मला तिचं नाव दिलं. सोताच्या हातानं लिवलं तांदळात. तवाच कळलं मला, ह्या घरात मी कुनीच न्हाई. सारा जलम हाक तिला आन ऊठबस माजी!”

सुलाबाईनं विचारलं, “तुला कुनी सांगितलंच न्हाई व्हय?”

“काय?”

“लालासाहेब नगंच म्हनत व्हते. तिनं शपथ घातली त्येंला.” सुलाबाई जवळ सरकली. “काठ्या खाल्ल्या तवा हूं की चूं केलं न्हाई गं तिनं. पर त्या शेवटच्या दिवसांत लय रडली. मरनाला भिऊन न्हवं. म्हनायची, हे दुसरी आननार. माज्या चुलीपुढं ती बसनार, माजी म्हस ती पिळनार. आना म्हनली, पर तिला माजंच नाव द्या. ह्यांनी हाक मारली की ती मला पोचंल, तिला न्हाई. साळूबाईकडनं बी वचन घेतलं. दोगांनी हो म्हटलं तवा कुठं गप झाली.”

अंबूबाईनं कप खाली ठेवला.

“म्हंजी ती माज्यावर जळत व्हती?”

“लय.”

“मला तर बगितलं बी न्हवतं तिनं.”

“म्हनून तर जास्त,” सुलाबाई म्हणाली. “म्हनायची, लय देखनी असंल ती.”

अंबूबाईला आधी संताप आला. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. पोलिसांना न भ्यालेली, सगळ्या गावानं डोक्यावर घेतलेली थोरली, ती त्या वेळी माणदेशात शेरडं राखणाऱ्या एका शेंबड्या पोरीला भ्याली होती.

परतीच्या एसटीत तिनंच तोंड उघडलं. “तिनं शपथ घातली म्हनून लिवलंसा व्हय ते नाव?”

लालासाहेब दचकले. “सुलीनं सांगितलं वाटतं.”

“मला का न्हाई सांगितलं कवा?”

त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. “सारं गाव तिला देवी म्हनतं. मरताना अशी वागली म्हनून कसं सांगायचं? तिची लाज झाकली मी.”

“आन माजी?” अंबूबाई म्हणाली. “आज मांडवात?”

 उंब्रज आलं तसे लालासाहेब पिशवी उचलून तिच्या आधी उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर अंबूबाई चुलीपुढं आपलं ताट घेऊन बसली. भाकरी चांगली फुगली होती. एका कडेला करपली होती, तिकडं तिचा हात सवयीनं गेला. मग तिनं तो मागं घेतला. वरचा मऊ पापुद्रा मोडला, त्याला लोणी लावलं आणि टाकापुढं धरला.

“खा,” ती म्हणाली. “लय देखनी न्हाई मी. बग आता नीट.”

ओसरीवरनं लालासाहेबांची हाक आली. “अंबू, पानी आन गं.”

तिचा गुडघा आपोआप उचलला गेला. तिनं तो खाली टेकला. गळ्यातला टाक तळहातावर घेतला, त्या नाक नसलेल्या बाईच्या तोंडाकडं बघितलं.

“ऊठ की,” ती हळूच म्हणाली. “तुलाच बोलवत्यात.”

“अंबूऽ! ऐकू आलं न्हाई का?”

“जा बाई, घसा सुकला असंल त्यांचा. हाक तुजी, मागून घेतलेली. सव्वीस वर्सं मीच उठले.”

आणि मांडी नीट घालून तिनं पुढचा घास मोडला.