सम तारखेची देवी

"आली! आई आली!"

सकाळचे सहा चाळीस. शिलेदार कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर तीनशे माणसं, आणि माणसांपेक्षा हंडे जास्त. झिरेबाबाने त्रिशूळ आपटला, शेंदूर फासलेल्या दगडाखाली गुडगुड झाली आणि मनगटाएवढी धार उसळली. मग जी रेटारेटी सुरू झाली तिला भक्ती म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मी तिला मारामारी म्हणते. एका बाईने दुसरीच्या झिंज्या धरल्या. एका निवृत्त हेडक्लार्कच्या कपाळावर कळशी बसली. रक्त नाकावरून ओघळत होतं आणि गृहस्थ "माते, माते" करत ओंजळ पुढे करत होते!

"सरकारचं पाणी वेळापत्रकानं येतं, बाळांनो," बाबा गरजला, "आईचं पाणी भक्तीनं येतं! ये पाताल का जल है! ज्याच्या पोटात शंका, त्याच्या हंड्यात खडखडाट!"

आता माझं सांगते. मी प्रतिभा, नाशिकच्या पाणीपुरवठ्यात ज्युनिअर इंजिनिअर. यंदा धरणाने एप्रिलमध्येच तळ दाखवला आणि कपातीची योजना आखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पाईप लावून गाड्या धुवायच्या नाहीत, बांधकामाला पिण्याचं पाणी नाही, नळाला पाणी एक दिवसाआड. नाल्याच्या अलीकडे शिलेदार कॉलनी, तिला विषम तारखा. पलीकडच्या वस्तीला सम. लोकांचा गोंधळ नको म्हणून ज्याला त्याला फक्त त्याच्याच भागाचं वेळापत्रक छापून दिलं. मोठी हुशारी केली असं तेव्हा वाटलं होतं.

त्या दिवशी, दहा तारखेला, मला तिथे बोलावलं होतं धोंडीरामने. धोंडीराम आमचा व्हॉल्व्हमन. बावीस वर्षं तो रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडतो, बंद करतो. त्याच्याकडे एक लोखंडी सळी असते. एक टोक जमिनीला, दुसरं उजव्या कानाला. खाली पाणी वाहतंय की नाही, गळतंय कुठे, सगळं त्याला ऐकू येतं. आमच्याकडे मशीन आहे, पण माझा विश्वास धोंडीरामच्या कानावर.

"मॅडम, विषमला इथं आवाज नाय," तो कुजबुजला, "पण समला या प्लॉटखाली पाणी पळतंय. नळाला पाणी नसलेल्या दिवशी! थांबा, परत ऐकतो."

त्याने सळी टेकवली आणि बाबाने ते पाहिलं.

"तो बघा! सळीवाला! आईच्या छातीत सळी खुपसतोय! यानंच आईला बांधलंय, म्हणून तुमच्या नळाला प्रेशर नाय!"

पुढचं एवढ्या झटक्यात झालं की मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. कुणी त्याची कॉलर धरली, कुणी लाथ घातली. मी मध्ये घुसले तर मलाही कोपर बसलं. पुढे होती गोजराबाई, याच कॉलनीतली, पंचवटीच्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकणारी, एरवी मुंगीला न मारणारी बाई. तिच्या हातात पितळेचा हंडा होता. तो तिने दोन्ही हातांनी उचलला आणि धोंडीरामच्या उजव्या कानावर घातला. आवाज अजून माझ्या डोक्यात आहे. धोंडीराम खाली बसला, कानातून रक्त मानेवर उतरलं.

"बारा तारखेला याला इथंच आणा," बाबा प्लॉटच्या कोपऱ्यातल्या विहिरीकडे बोट दाखवत म्हणाला. "आईपुढे कबूल करेल. नाही केलं तर ही कोरडी विहीर आहेच."

पोलिसांत तक्रार दिली. बंदोबस्ताला दोन शिपाई मिळाले. पण त्याआधी मी तडक गोजराबाईच्या दारात गेले. राग असा होता की चप्पलही काढली नाही.

"गोजराबाई, लाज नाही वाटली?"

"लाज कशाची? घरात दोन दोन लेकरं तान्ही हायत," ती उसळून म्हणाली. "तुमचा नळ फुसफुस करतो. आई तरी पाणी देती! रोज नाय, पण समला न चुकता. परवा आठ तारखेला तेवढी रुसली व्हती, तासभर उशिरा आली. बाबांनी दोन नारळ फोडले तवा कुठं पावली."

"काय म्हणालात? आठ तारखेला तासभर उशिरा?"

"आता तुमी बी हात जोडताय व्हय?"

हात कसले जोडते! माझी ट्यूब पेटली होती. आठ तारखेला पंपावरची लाईट गेली होती आणि नाल्यापलीकडच्या वस्तीला पाणी तासभर उशिरा सुटलं होतं. मीच तसा मेसेज पाठवला होता, पण फक्त पलीकडच्या वस्तीला. अलीकडे कुणाला पत्ताच नाही. अहो, पाताळातल्या देवीला आमच्या पंपाच्या लाईटशी काय देणंघेणं?

बारा तारीख. मी पहाटेच धोंडीरामला सुरक्षित जागी हलवायला गेले, तर घराचं दार तुटलेलं. त्याला बांधून प्लॉटवर नेलं होतं. कानाला पट्टी, हात पाठीमागे, विहिरीच्या काठावर गुडघ्यांवर बसवलेला. दोन्ही शिपाई गर्दीने केव्हाच बाजूला फेकले होते. एकाची टोपी पायदळी पडली होती. विहीर चाळीस फूट खोल, तळाला नुसता कातळ. त्यात पडलेला माणूस वाचत नाही.

मी गर्दीत शिरले नाही. शंभर पावलांवर नाल्याच्या पुलाशी पलीकडच्या वस्तीचा व्हॉल्व्ह आहे, तिथे उभी राहिले. सोबत आमची पाणीकपातीची दवंडी देणारी रिक्षा. तिचा भोंगा हातात घेतला.

सहा चाळीस झाले. त्रिशूळ आपटला, धार उसळली, जयजयकार झाला.

"ऐका!" मी भोंग्यातून ओरडले. "तुमचे बाबा देवीला बोलावतात. मी तिला इथूनच थांबवते. थांबली नाही, तर त्याच्याबरोबर मलाही विहिरीत टाका!"

सगळे वळले. मी चावी व्हॉल्व्हवर बसवली. तिला अठ्ठावीस फेरे लागतात, धोंडीरामनेच शिकवलं होतं. दहाव्या फेऱ्याला तळव्याची कातडी सोलली. अठ्ठावीस झाले. धार तशीच!

"हा हा हा!" बाबा नाचला. "बघा पापिणीचा माज! उचला त्याला!"

चौघांनी धोंडीरामला उचललं. त्याचे पाय विहिरीच्या तोंडावर लोंबकळले. पाईपमधलं उरलेलं पाणी उतरायला मिनिटभर लागतं हे मला माहीत होतं, पण ते मिनिट मी कसं काढलं ते मलाच माहीत. पाया पडते बाई, थांब आता, असं मी त्या पाण्याला म्हटलं, खोटं कशाला बोलू?

धार मनगटाची बोटाएवढी झाली. मग थेंब. मग काही नाही. चौघांनी धोंडीरामला परत काठावर टेकवलं.

"बोलवा ना बाबा!" मी ओरडले. "सम तारीख आहे, भक्त आहेत, बोलवा!"

बाबाने त्रिशूळ आपटला. पुन्हा आपटला. दहा वेळा आपटला, घामाघूम झाला, मंत्र विसरला, शेवटी चक्क "चल ना!" म्हणाला. पाणी नाही. मग मी चावी उलटी फिरवली आणि बाबा तोंड पुसत असताना, त्रिशूळ खांद्यावर असताना, देवी आपली आपण हजर झाली.

गोजराबाई पुढे आली. तिने शेंदराचा दगड लोटून दिला. खाली काळा प्लास्टिकचा पाईप होता. त्याचं एक टोक नाल्याखालून पलीकडच्या मुख्य लाईनला, चोरून जोडलेलं. बाबामागच्या पडद्याआड बाबाचा चेला भारत नळाच्या तोटीवर हात ठेवून बसला होता. त्रिशूळ आपटला की तोटी सोडायची, एवढीच काय ती सिद्धी. पलीकडची वस्ती महिनाभर पाणी कमी येतं म्हणून रडत होती, ते यांच्या हंड्यात पडत होतं.

आता गर्दी बाबावर धावली. त्याची जटा उपटली गेली, दात पडला. मी रिक्षा भोंग्यासकट मध्ये घातली.

"खबरदार! परवा धोंडीरामवर उठले ते हेच हात! तेव्हाही विचारलं नाहीत, आताही विचारत नाही आहात. पोलीस नेतील त्याला. तुम्ही फक्त या माणसाच्या दोऱ्या सोडा."

संध्याकाळी दवाखान्यात गोजराबाई आली. खाटेच्या उजव्या बाजूला उभी राहून बराच वेळ बोलत होती, रडत होती, माफी मागत होती. धोंडीराम छताकडे बघत पडला होता. मग त्याला तिची सावली दिसली आणि त्याने मान वळवली.

"कोण, गोजराक्का? इकडून या, डाव्या अंगाला. तिकडचं काय बी ऐकू येत नाय आता."

डॉक्टरांनी सांगितलं आहे, तो कान परत येणार नाही.

दुसऱ्याच दिवशी मी दोन्ही भागांचं वेळापत्रक एकाच कागदावर छापून दोन्हीकडे वाटलं. माझी चूक मी दुरुस्त केली. आता तुमचं बघा. कुठे चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, की हे आलं कुठून आणि कुणाच्या वाट्याचं. विचारायला त्रिशूळ लागत नाही, शिक्षणही फार लागत नाही. आणि जमिनीला कान लावून कुणी खरं ऐकत असेल, तर त्याच्या कानावर हंडा घालू नका.