चौथं हँडल

डायलिसिस विभागातल्या मोठ्या सिस्टरला सगळे ‘हो-ताई’ म्हणत. कुणाचं मूल आजारी, कुणाच्या घरी पाहुणे, तिची ड्युटी हिच्याच गळ्यात. हल्ली मात्र घरी गेली की ती आईवर उगाच खेकसायची, आणि मग नळ सोडून रडायची.

त्या सकाळी वीज गेली. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. बॅटरीवर तग धरलेली मशीनंही एकेक करत किंचाळून थांबली. चार पेशंट, चौघांचं रक्त नळ्यांत अडकलेलं. ते गोठायच्या आत हातानं पंप फिरवून परत अंगात घालायचं, आणि विभागात दोघीच: हो-ताई आणि नुकतीच लागलेली नवी सिस्टर.

“ते दोन तुझे, हे दोन माझे!” हो-ताईनं सलाईन जोडलं, हँडल बसवलं आणि फिरवायला घेतलं. शेजारच्या म्हातारीच्या नळीतलं रक्त काळपट होत चाललं होतं.

दारातून म्हातारीची सून म्हणाली, “सिस्टर, मी काही करू का?”

“काही नको, बाहेर थांबा!” सवयीनं तोंडून निघून गेलं.

“ताई, माझे हात भरून आले!” पलीकडून नवी सिस्टर रडकुंडीला आली होती.

हो-ताईनं आपल्या दुसऱ्या, थांबलेल्या पंपाकडे पाहिलं. आपण एकटीनं पुरे पडणार नाही, हे तिनं आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. स्वतःलाही नाही.

“आत या!” ती सुनेवर ओरडली. “बाणाच्या दिशेनं, सावकाश फिरवा. नळीवर मी लक्ष ठेवते.” तेवढ्यात जिने चढून धापा टाकत डॉक्टर आले. “बघताय काय डॉक्टर? चौथं हँडल धरा!”

डॉक्टरांनी बाह्या सरसावून ते धरलं.

नळ्या हळूहळू गुलाबी झाल्या, मग पांढुरक्या. म्हातारीचं थोडं रक्त गोठून वाया गेलं, पण चौघंही शुद्धीवर, सुखरूप.

“इतकी वर्षं मला भोवऱ्यासारखं फिरवलंस,” म्हातारी सुनेला म्हणाली, “आज पंप फिरवलास!” सून हसता हसता रडली.

हो-ताई स्टुलावर टेकली. हात इतके भरून आले होते की पेला धरवेना. नवी सिस्टर तो तिच्या ओठांशी धरून उभी राहिली. अंग ठणकत होतं, पण आज कुणावर खेकसावंसं वाटत नव्हतं.

पाणी पिऊन ती म्हणाली, “उद्याची माझी ड्युटी घेशील? मला झोपायचंय गं.”

“घेते की,” नवी सिस्टर म्हणाली. “एवढं विचारायला इतका वेळ लावलात होय?”